मागच्या सीटवरची हिमस्वारी

"बर्फावर गाडी कशी चालवावी, हे जगाला शेवटी पुणंच शिकवणार आहे," असं गोपाळकृष्ण खांबेटे यांनी एप्रिलमधल्या एका दुपारी, सदाशिव पेठेतल्या आपल्या ब्लॉकच्या दिवाणखान्यात, उजव्या हाताची मूठ डाव्या तळहातावर आपटून जाहीर केलं. घोषणा ऐतिहासिक होती यात शंका नाही. ती झाली तेव्हा बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि घरातला फ्रीज गेल्या आठवड्यापासून बर्फ धरत नव्हता.

"त्याआधी आपल्या घरात बर्फ कसा करावा, हे कुणीतरी शिकवा," श्यामलाताई म्हणाल्या आणि त्यांनी कोमट पन्ह्याचा पेला नवऱ्यापुढे ठेवला.

या घोषणेचं मूळ गुलमर्गला होतं. नुकत्याच झालेल्या दोघांच्या काश्मीर सहलीत तिथे स्नोमोबिलची एक फेरी होती. पुढे स्कीच्या दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा फिरणारा पट्टा आणि मध्ये स्कूटरसारखी सीट, असं ते वाहन असतं. स्थानिक चालक पुढे बसतो, पर्यटक मागे बसून किंचाळतो. गोपाळकृष्ण किंचाळले नाहीत. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून उभी हयात काढलेला माणूस किंचाळत नाही. तो दोष काढतो. चालकाने आखलेली वाट सोडली आणि तो कोऱ्या बर्फातून, पाइनच्या रोपांचे शेंडे घासत निघाला, तेव्हा गोपाळकृष्णांनी त्याच्या खांद्यावर थाप मारून हिंदीत विचारलं, "बर्फ के नीचे क्या है, मालूम है?"

"ज़मीन है, साब," चालक म्हणाला.

या उत्तरात खोडून काढण्यासारखं काही सापडेना, म्हणून गोपाळकृष्ण अधिकच अस्वस्थ झाले. श्रीनगरपासून पुण्यापर्यंत ते विमानात डोळे मिटून बसून होते. श्यामलाताईंना वाटलं कान दुखतोय. प्रत्यक्षात एक संस्था जन्माला येत होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कारखान्यात असताना गोपाळकृष्णांनी हात वर केला की क्रेन थांबत असे. निवृत्तीनंतर त्यांनी हात वर केला की फक्त रिक्षा थांबायची, आणि तीसुद्धा "तिकडे नाही येणार" एवढं सांगायला. गॅसचा सिलिंडर जिन्यावरून घरंगळत आणणाऱ्याला त्यांनी तीनदा शास्त्र समजावलं होतं. चौथ्यांदा त्याने तो त्यांच्याच पायावरून नेला. आपलं 'सावकाश' ऐकणारं जगात कुणी उरलं नाही, हे दुःख त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. पुण्यात दुःख सांगत नाहीत. मंडळ काढतात.

'जबाबदार हिमस्वारी प्रसारक मंडळ, पुणे' असं नाव ठरलं. 'वाट सोडा, रीत सोडू नका' हे ब्रीदवाक्य. नियम तीन. बर्फाखाली कुणीतरी राहतं असं समजून गाडी चालवावी. एकट्याने जाऊ नये. आणि कुठे चाललो आहोत, ते घरी सांगून निघावं.

"हा तिसरा नियम बर्फ नसतानाही लागू करून घ्या," श्यामलाताईंनी सुचवलं.

नोंदणीच्या कार्यालयात चैताली कांबळे नावाच्या अधिकारी होत्या. त्यांनी अर्ज शांतपणे पूर्ण वाचला, आणि सरकारी टेबलापलीकडे अर्ज असा वाचला गेला की गोपाळकृष्णांची भीड आपोआप चेपते.

"कार्यक्षेत्र पुणे जिल्हा लिहिलंय आपण," चैताली मॅडम म्हणाल्या. "जिल्ह्यात बर्फ पडत नाही."

"नाही पडत."

"मग बर्फावरचे अपघात टाळायचे, हे उद्दिष्ट साध्य कसं होणार?"

"झालेलंच आहे," गोपाळकृष्ण म्हणाले. "आजवर जिल्ह्यात स्नोमोबिलचा एकही अपघात नाही. स्वित्झर्लंडला हे जमलेलं नाही. आता फक्त हा लौकिक टिकवायचाय."

मॅडमनी अर्ज पुन्हा एकदा वरपासून वाचला. हा माणूस वेडा असता तर काम सोपं होतं. "पहिला अपघात झाला की मला कळवा," एवढं म्हणून त्यांनी शिक्का मारला.

सभासद भराभर झाले. पुण्यात कुठल्याही विषयाचा वर्ग काढला की माणसं वही घेऊन येतात. विषय नंतर विचारतात. पण पहिल्याच बैठकीत गोपाळकृष्णांनी हेल्मेट सक्तीचं असल्याचं सांगितलं आणि निम्मं मंडळ चपला शोधू लागलं. "रस्त्यावर इतकी वर्षं घातलं नाही, ते काय बर्फ नसताना घालायचं?" असं विचारून एक ज्येष्ठ सभासद बाणेदारपणे जिना उतरले. उरलेल्यांत वरच्या मजल्यावरचे आनंदराव बेहेरे होते. ते शिकायला आलेच नव्हते.

आनंदरावांचा मुलगा अमेरिकेत, मिनेसोटाला. एक अख्खा हिवाळा ते तिथे राहून आले होते. त्यांनी तो हिवाळा खिडकीच्या आतून पाहिला होता हे खरं, पण पाहिला होता. त्यामुळे इमारतीत बर्फ या विषयावर शेवटचा शब्द त्यांचा असे.

"आमच्या मिनेसोटाला शाळकरी पोरंसुद्धा स्नोमोबिल चालवतात," ते म्हणाले. "गोपाळराव, तुम्ही किती चालवलीत?"

"मी गुलमर्गला—"

"फोटो पाहिलाय मी. तुम्ही मागे होतात. इथेही मागेच असता. वहिनी चालवतात, तुम्ही पिशवी धरता. तुमच्याकडे साधं स्कूटरचं लायसन नाही. मागे बसणाऱ्याने चालवायचं शिकवावं, म्हणजे कमालच झाली."

यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि अपमानाला तेवढं पुरतं. गोपाळकृष्ण नोकरीत असताना कारखान्याच्या बसने गेले आणि आले. उरलेलं पुणं त्यांनी श्यामलाताईंच्या मागे बसून पाहिलं. श्यामलाताईंचा स्कूटरचा पोशाख म्हणजे डोक्याभोवती, नाकाभोवती आणि मानेभोवती करकचून गुंडाळलेला स्कार्फ, त्यावर हेल्मेट, डोळ्यांवर गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे आणि अंगात उन्हाचा पांढरा कोट. या तटबंदीतून नवऱ्याच्या सूचना आत पोचत नसत. निदान त्या तसं सांगत. म्हणून वर्षानुवर्षांत दोघांची एक थापांची भाषा तयार झाली होती. पाठीवर एक थाप म्हणजे सावकाश. दोन म्हणजे थांब. उजव्या किंवा डाव्या खांद्यावर थाप म्हणजे त्या बाजूला वळ. आणि दोन्ही हातांनी धडाधड थापा म्हणजे समोरून पीएमटीची बस.

अपमान झालेला माणूस पैज लावतो. "पावसाळ्याच्या आत पुण्यात जाहीर हिमस्वारी करून दाखवतो," गोपाळकृष्ण म्हणाले. "नाही दाखवली, तर मंडळ विसर्जित. शिवाय तुमच्या मिनेसोटाच्या फोटोंच्या स्लाइड्स मी सगळ्या बघेन."

पैज भलतीच जबर होती. स्लाइड्स सगळ्या कुणीच पाहिल्या नव्हत्या.

यंत्र सापडलं लोणी काळभोरला. तिथे कोंडीराम शेठ यांचं लॉन्सचं मंगल कार्यालय, त्याला लागून बर्फाचा कारखाना, आणि दोन्हींच्या मध्ये त्यांनी उभारलेलं 'काश्मीर दर्शन'. थर्मोकोलचा दुमजली हिमालय, अंगात घालायला भाड्याचे काश्मिरी फिरन झगे, आणि फोटोसाठी मनालीहून लिलावात उचलून आणलेलं एक जुनं स्नोमोबिल. नवरा-नवरी त्याच्यावर बसून फोटो काढत.

"चालतं का?" गोपाळकृष्णांनी विचारलं.

"न चालायला काय झालं? चालू हाय की," कोंडीराम शेठ गळ्यातली साखळी सारखी करत म्हणाले. "पर चालवायचं कुठं? बर्फ पाहिजे तर माझ्याकडं लाद्या हायत. क्रशर हाय. हिरवळीवर पसरून देतो. फकस्त संध्याकाळी त्याच लॉनवर लग्न हाय बघा. गवताला ओरखडा आला, तर पोरीकडचे मला उभा कापतील."

गोपाळकृष्णांचे डोळे पाणावले. बर्फाखाली कुणीतरी राहतं, हा पहिला नियम त्यांना प्रथमच जिवंत भेटत होता.

मग परवानग्या. वाहतुकीच्या खिडकीवर विचारलं गेलं, "चाकं किती?"

"एकही नाही."

"मग ते वाहन नाही. पुढच्या खिडकीवर जा." पुढच्या खिडकीवर ते यंत्र शेतीचं नसल्याचं निष्पन्न झालं. तिसरीवर बोटीचा विचार झाला, पण पाणी गोठलेलं असल्याने तो मागे पडला. शेवटी जत्रेतले पाळणे, मेरी-गो-राउंड आणि मौत का कुआ यांच्या गटात परवानगी मिळाली, आणि अटीप्रमाणे 'गरोदर स्त्रिया व हृदयविकाराचे रुग्ण यांनी बसू नये' असा फलक मंडळाला रंगवून घ्यावा लागला. गोपाळकृष्णांना तो फलक मनापासून आवडला. आयुष्यात पहिल्यांदाच एक अट त्यांना सुचण्याआधी दुसऱ्याला सुचली होती.

आता चालवायचं कुणी, हा प्रश्न निघालाच नाही. आनंदरावांचं वाक्य छातीत रुतलेलं असताना तो निघणं शक्य नव्हतं. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सरावासाठी लॉनबाहेरच्या मोकळ्या जागेत थोडा बर्फ पसरण्यात आला. गोपाळकृष्ण हेल्मेट घालून यंत्रावर चढले. आधी त्यांनी आसपासच्या सगळ्यांना मागे सरायला लावलं, मग अजून मागे सरायला लावलं, मग इंजिन सुरू केलं आणि अंगठ्याशी असलेला वेगाचा खटका हलकेच दाबला.

खटक्याला 'हलकेच' हा प्रकार माहीत नव्हता. यंत्राने उडी घेतली, बर्फ संपला, मोकळी जागा संपली, आणि गोपाळकृष्ण खांबेटे हिमालयात शिरले. तिथून ते दुसऱ्या बाजूने बाहेर पडले. थर्मोकोलच्या पर्वतराजीत त्यांच्या आकाराचं, हात पसरलेलं, स्वच्छ भोक पडलं होतं. त्यातून पलीकडचा सोलापूर रस्ता दिसत होता.

लागलं कुठेच नव्हतं. गोपाळकृष्ण थर्मोकोलच्या ढिगावर बसून राहिले. हेल्मेटवर पांढरे गोळे, चष्मा एका कानावर. "श्यामला," ते म्हणाले, "पुणे जिल्ह्यातला स्नोमोबिलचा पहिला अपघात मी केला."

श्यामलाताईंनी त्यांच्या भुवईवरचा गोळा काढला. "उद्या मी चालवते. तुम्ही मागे बसा नेहमीसारखे."

'नेहमीसारखे' हा शब्द हिमालयापेक्षा जोरात लागला. रात्रीच्या जेवणात त्यांनी आमटीला नावं ठेवली नाहीत, तेव्हा श्यामलाताईंना प्रकरण गंभीर असल्याचं कळलं.

"सगळ्या पुण्यासमोर मी मागे बसू?" ते शेवटी म्हणाले. "आनंदराव म्हणाले तेच खरं करून दाखवू?"

"कारखान्यात एखादा माणूस म्हणाला असता, की मला हे मशीन येत नाही, पण अपमान झालाय म्हणून चालवतो, तर तुम्ही काय केलं असतं?"

"गेटच्या बाहेर काढला असता."

"मग झालं तर. ताक घेणार का?"

गोपाळकृष्णांनी ताक घेतलं. मंडळ स्थापन केल्यापासून तो त्यांच्या हातून घडलेला पहिला जबाबदार निर्णय होता, आणि तो त्यांना ताकासारखाच आंबट लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हाचा कडाका सुरू होण्याआधीच लॉनवर गर्दी जमली. हेल्मेटवरून राजीनामा दिलेले सभासदही आले होते. आपण नसताना फजिती झाली तर चुटपुट लागली असती. चैताली मॅडम रजा टाकून आल्या होत्या. कोंडीराम शेठनी हिरवळीवर वीतभर बर्फाचा चुरा पसरला होता. लाल निशाणांची एक वाट, तिच्या बाहेर कोरा बर्फ, एका कडेला दोरी आणि दोरीपलीकडे कोंडीराम शेठच्या कोथिंबिरीचा वाफा. ठरलं होतं असं, की यंत्र वाट सोडून कोऱ्या बर्फावर जाईल, वळसा घेईल आणि कशालाही धक्का न लावता परत येईल.

श्यामलाताई आल्या आणि गर्दीत कुजबूज झाली. त्यांच्या पोशाखात काडीचाही बदल नव्हता. तोच स्कार्फ, तेच हेल्मेट, तोच गॉगल, तेच हातमोजे. बर्फाच्या स्वारीला लागणारं सगळं सामान पुण्यातल्या बायका इतकी वर्षं उन्हात घालून हिंडत होत्या, आणि कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यांच्या मागे गोपाळकृष्ण बसले.

"म्हटलं नव्हतं?" आनंदराव मोठ्याने म्हणाले. "मागे."

गोपाळकृष्णांचे कान हेल्मेटच्या आत लाल झाले, पण ते उतरले नाहीत. त्यांनी पाठीवर एक थाप मारली. श्यामलाताईंनी खटका असा दाबला, जणू लक्ष्मी रोडवरून दिवाळीच्या आदल्या दिवशी वाट काढायची आहे. यंत्र सरकत निघालं. निशाणांतून गेलं. डाव्या खांद्यावर थाप; वाट सोडली, कोऱ्या बर्फावर आलं. चुरा दोन्ही बाजूंना कारंज्यासारखा उडू लागला, टाळ्या पडू लागल्या, आणि एवढ्यात उडालेला बर्फ श्यामलाताईंच्या गॉगलवर येऊन बसला.

समोरचं दिसेनासं झालं. इंजिनचा आवाज असा, की ओरडून उपयोग नाही. आणि नेमके त्याच क्षणी आनंदराव बेहेरे, मिनेसोटाच्या मुलाला फोनवर हे थेट दाखवावं म्हणून, दोरी ओलांडून पाठमोरे आत चालत आले. गर्दी ओरडली. आनंदरावांना वाटलं टाळ्या चालल्यात. त्यांनी फोन आणखी उंच धरला.

गोपाळकृष्णांनी ते पाहिलं. पाहणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम होतं. उजव्या खांद्यावर थाप. पाठीवर एक. मग दोन्ही हातांनी धडाधड थापा, जशा समोरून पीएमटी आल्यावर पडत. श्यामलाताईंनी एका शब्दानेही न विचारता यंत्र उजवीकडे घेतलं, वेग कमी केला आणि थांबवलं. स्कीची टोकं दोरीखालून जाऊन कोथिंबिरीच्या वाफ्याच्या काठाला टेकली. टोकांच्या बाजूला, वितीवर, आनंदराव, आवाजाने वळून मागे सरता सरता, वाफ्यात बसले होते. हिरव्यागार कोथिंबिरीत ते एखाद्या समारंभाच्या अध्यक्षांसारखे दिसत होते.

इंजिन बंद झालं. त्या शांततेत आनंदरावांच्या हातातल्या फोनमधून मिनेसोटाचा आवाज आला, "बाबा, तिथे कशाला मधे गेलात? आणि ते मागे बसलेत ना, त्यांना आधी थँक्स म्हणा. मागून नजर ठेवणाऱ्याला इथे स्पॉटर म्हणतात. त्याच्याशिवाय कुणी ट्रेल सोडून जात नाही."

आनंदरावांनी वर पाहिलं. "गोपाळराव," ते म्हणाले, "तुम्ही मागे बसलात ते... ठीक केलंत."

सदाशिव पेठेत याहून मोठा गौरव नाही. गोपाळकृष्णांनी हेल्मेट काढलं आणि हात पुढे केला. आनंदराव तो धरून उठले.

"अपघात?" चैताली मॅडमनी जवळ येऊन विचारलं.

"आज शून्य," गोपाळकृष्ण म्हणाले. मग प्रामाणिकपणा आड आला. "काल एक. हिमालय गेला."

"तो थर्मोकोलचा होता. तो धरत नाहीत," मॅडम म्हणाल्या आणि टाळ्या वाजवू लागल्या. मग सगळेच वाजवू लागले. कोंडीराम शेठनी बर्फ बाजूला सारून गवत तपासलं. एक पातं वाकलं नव्हतं, उलट वितळलेल्या पाण्याने हिरवळ टवटवीत झाली होती. "टँकर वाचला की माझा," म्हणत त्यांनी गोपाळकृष्णांना माइक दिला.

गोपाळकृष्णांनी घसा साफ केला. खूप वर्षांनी, त्यांनी हात वर करताच सगळं थांबलं.

"मित्रहो, या खेळाचं भवितव्य काय, असं मला विचारतात," ते म्हणाले. खरं तर कुणी विचारलं नव्हतं. "जगभर बर्फ कमी होतोय. हिवाळे आखडत चाललेत. आज ना उद्या गुलमर्ग, मिनेसोटा, स्वित्झर्लंड, सगळीकडे पुण्यासारखी हवा होणार. तेव्हा बर्फाशिवाय हिमस्वारी कशी करायची, याचा अनुभव कुणाकडे असेल? फक्त आपल्याकडे. जो थोडाफार बर्फ उरेल, तो जपून वापरायचा असेल, तर त्याच्याखाली कुणीतरी राहतं हे आधी शिकावं लागेल. आणि गाडी कुणीही चालवो, मागे बसून डोळे उघडे ठेवणारा एक तरी माणूस लागेल. आपण ती माणसं तयार करू. मागच्या सीटचा वर्ग सोमवारपासून. हेल्मेट ऐच्छिक नाही."

राजीनामा दिलेल्या ज्येष्ठ सभासदांनी जागीच राजीनामा मागे घेतला. आनंदरावांनी कोथिंबीर झटकत पहिलं नाव दिलं. दोन पोरींनी गोपाळकृष्णांसोबत फोटो काढला, आणि तो काढताना त्यांनी छाती इतकी फुगवली, की हेल्मेटचा बंद कोटाच्या गुंडीत अडकला.

तेवढ्यात फाटकाशी हॉर्न वाजला. श्यामलाताई स्कूटर काढून, स्कार्फ पुन्हा गुंडाळून तयार होत्या. हँडलला कापडी पिशवी लटकत होती आणि तिच्यातून थेंब थेंब पाणी गळत होतं.

"अहो, भवितव्य झालं असेल, तर बसा मागे," त्या म्हणाल्या. "आणि ही पिशवी मांडीवर नीट धरा. कडेचा स्वच्छ बर्फ घेतलाय कोंडीराम शेठना विचारून. फ्रीजवाला अजूनही सोमवारशिवाय येणार नाही म्हणतोय, आज एकदा तरी पन्हं गार प्यावं म्हणते."